हाळी दिल्याशिवाय उडवायचं न्हाय

आमच्या भागात बाईनं ट्रॅक्टर चालवला तर लोक आधी बघतात आणि मग बोलतात. मी ड्रोन उडवते. त्यामुळं आधी बघावं का आधी बोलावं, हेच लोकांना बरेच दिवस कळलं नाही. नुसते तोंड वर करून उभे राहायचे. मला ते लई आवडायचं, खोटं कशाला सांगू? लग्न होऊन या गावात आले तेव्हा मान खाली घालून चालायला शिकवलं होतं मला, आणि आता माझ्यामुळं अख्खं गाव मान वर करून उभं राहत होतं.

गाव आमचं भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडं. ड्रोन आला तो आमच्या बचत गटाला, फवारणीसाठी. शिकायला पुण्याकडं कोण जाणार म्हटल्यावर सगळ्या एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. कुणाचं लेकरू अंगावर, कुणाची म्हैस व्यायला टेकलेली. मी म्हटलं, म्या जाते. घरी विचारलंसुद्धा नव्हतं. कारभारी म्हणाले, "आता इमान उडवणार व्हय?" मी म्हटलं, "व्हय. तुम्ही खालून टेंपो आणा." आजही तसंच चाललंय. ते टेंपोत ड्रोन, बॅटऱ्या आणि जनरेटर घालून आणतात आणि मी उडवते.

शिकून आले त्या पहिल्या दिवशी पारावर सगळ्यांना उडवून दाखवला. चिंचेच्या शेंड्याच्या वर नेला. रिमोटच्या काचेवर खालचं सगळं दिसतं, त्यामुळं माझ्याभोवती ही गर्दी. हे माझं घर, ती माझी कडब्याची गंज, असा गलका चाललेला. तेवढ्यात काचेवर आमचंच अंगण आलं. आमच्याकडं जुन्या घरांची न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात असते. तीन बाजूंना दगडी भिंत, पुढं पत्र्याचं दार आणि वर मोकळं आभाळ. त्या आभाळाखाली आमच्या सासूबाई डोक्याला शिकेकाई चोळत बसल्या होत्या. लुगडं अंगावर होतं म्हणून निभावलं! मी काच पोटाशी धरली आणि ड्रोन कसाबसा खाली आणला.

सासूबाईंनी आवाज ऐकला होता. ओल्या केसांनी तशाच पारावर आल्या.

"माळवदावर मिरच्या वाळत घालाया चढतीस तवा हाळी देतीस का न्हाय?"

"देते, आत्याबाई."

"मग ही भिंगरी काय सरकारची जावई लागून गेली?"

आता हे हाळीचं सांगायला पाहिजे. आमच्या गावात मातीच्या धाब्याची घरं एकमेकांना खेटून आहेत. एकाच्या माळवदावर, म्हणजे त्या सपाट धाब्यावर, उभं राहिलं की शेजारच्या चार घरांची अंगणं दिसतात. म्हणून वर चढायच्या आधी खालूनच मोठ्यानं हाळी द्यायची, "माळवदावर येतोय होऽऽ!" बाया पदर सावरतात. न्हाणीत कुणी असली तर ती आतून म्हणते, "थांबा." आणि ती थांबा म्हणाली की गावचा मोठ्यातला मोठा माणूस शिडीच्या पायाशी गुमान थांबतो. वर डाळ वाळत घातलेली असू द्या, पावसाचे थेंब पडायला लागू द्या, तरी थांबतो. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आणि कुणी मोडलेलंही माझ्या ऐकण्यात नाही.

तेव्हापासून मी ड्रोनची हाळी देते. ज्याच्या रानात फवारायचं त्याच्या चारी बांधांवर जाऊन ओरडते, "भिंगरी सोडतेय होऽऽ, पाणी झाका, जनावरं काढा!" कुणी थांबा म्हणालं तर थांबते. पुण्यात शिकवलं त्यात हे नव्हतं. गटातल्या बाया आधी हसल्या, पण शेजारच्या रानातली माणसं औषधाच्या वाऱ्यातून आपोआप बाजूला व्हायला लागली तेव्हा त्याही माझ्याबरोबर ओरडायला लागल्या. आता येरमाळ्याकडं एक ताई ड्रोन उडवतात, त्याही हाळी देतात म्हणे. माझ्या सासूबाईंचा कायदा येरमाळ्यापर्यंत गेला! हे मी येईल त्या पाहुण्याला सांगते.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. आई-बाप गेल्यापासून त्याचं माहेर म्हणजे माझं घर. सुट्टीवर आला की चार दिवस माझ्याकडं येतोच. मागच्या हिवाळ्यात आला तेव्हा मी त्याला कौतुकानं रानात नेलं. बहीण कशी उडवते ते बघू दे की! तूर शेंगांवर आली होती, अळी पडायला लागली होती, आमचा हंगाम भरात होता. हा बांधावर बसून हरभऱ्याचे डहाळे खात होता. मी हाळी दिली आणि पंखे सुरू केले. सहज वळून बघते तर माझा हा उंचापुरा भाऊ बांधाच्या कडेला पालथा, दोन्ही हात डोक्यावर.

कारभाऱ्यांना वाटलं ठेच लागली. तोही गुडघे झटकत म्हणाला, "पाय घसरला." बसलेल्या माणसाचा पाय कसा घसरतो?

संध्याकाळी जेवताना त्यानंच विषय काढला. "अक्का, तिकडं बॉर्डरवर त्यो आवाज आला की माणूस आधी आडवा व्हतो, मग इचार करतो."

"आणि आपलेबी जातात का पलीकडं?"

"जातात की. माझं कामच ते हाय. काचेवर बघायचं आणि वर कळवायचं."

मला काय आनंद झाला! म्हटलं, "म्हणजे बहीण-भाऊ एकाच धंद्यात!"

"धंदा एक न्हाय," तो म्हणाला आणि भाकरी कुस्करत बसला.

मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. तो तिकडं बघतोय म्हणून आम्ही इकडं निवांत तुरी फवारतोय, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या हातातली काच आणि त्याच्या हातातली काच एकच आहे. खाली कोण दिसलं तर काय करायचं, एवढाच फरक. आणि तो फरक यंत्रात नाही, तर माणसात आहे.

त्याच आठवड्यात आमच्या एका चुलत दिरांच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. गावातलं सगळ्यात मोठं रान त्यांचं, आणि शब्दही त्यांचाच मोठा. तळ्याच्या खालच्या अंगाला ऊसतोडीच्या टोळीच्या कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या. चोरी झाली की परक्याकडं बोट दाखवायचं, हे सगळीकडचंच. दोघा-तिघांना घेऊन भावजी सकाळीच आमच्या ओट्यावर आले. मी चहा टाकला. भाऊही तिथंच बसला होता.

"वहिनी," भावजी म्हणाले, "उद्या सकाळी तळ्याकडं एक चक्कर टाका. कोपींवरनं. केबल जाळून तांबं काढत असतील तर वरनं कळंल."

"सकाळी तिथं बाया आंघोळीला बसतात, भावजी."

"आपल्याला बायांशी काय करायचंय? आपण केबल बघायची."

"काचेला ते कळत न्हाय. ती सगळंच दाखवती."

भावजी माझ्या भावाकडं वळले. "हे काय, फौजी साहेब बसलेत की. तिकडं हे देशासाठी वरनं बघतात, आपण गावासाठी बघितलं तर काय बिघडलं? तुम्हीच सांगा साहेब."

भाऊ कपात बघत बसला. असा राग आला मला त्याचा!

"तिकडं समोर वैरी असतो," मी म्हटलं.

"मग चोर काय सोयरा असतो?"

"चोर कोण ते आधी ठरू द्या. पोलिसात जावा, पंचनामा करा. तरी उडवायचंच असंल तर म्या आधी कोपीवर जाऊन हाळी देईन, मगच उडवीन."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "हाळी देऊन चोर सापडतो व्हय?"

"मग न्हाय सापडला!"

भावजी अर्धा चहा ठेवून उठले. आमच्याकडं घरचा माणूस अर्धा चहा ठेवून उठला की पुढं काय ते सांगावं लागत नाही. तरी त्यांनी सांगितलंच, "मग आमच्या तुरीवर नको तुमची भिंगरी. आणि तुम्ही न्हाय तर लग्नाचा शूटिंगवाला हाय. परवा येतोय त्यो."

त्यांनी नाही म्हटलं की निम्मं गाव नाही म्हणणार, हे मला ठाऊक होतं. ड्रोन माझ्या एकटीचा नाही. पाणी आणणाऱ्या, औषध कालवणाऱ्या, बॅटऱ्या बदलणाऱ्या गटातल्या बायांचं काम माझ्या एका 'न्हाय'नं बसणार होतं. बरं, एवढं करून कोपीतल्या बायांची अब्रू वाचणार होती का? तर तीही नाही. माझ्याऐवजी तो शूटिंगवाला उडवणार, आणि त्याची काच तर माझ्यापेक्षा चांगली.

सगळा राग मी भावावर काढला. "मुका झालास व्हय रं? एक शब्द बोलाया काय झालं?"

"काय बोलू, अक्का?" तो म्हणाला. "हाळी न देता बघायचं हेच तर माझं काम हाय. म्या कुठल्या तोंडानं त्यांना नको म्हणू?"

मी तरातरा गटाच्या बायांना गोळा करायला गेले.

समाजमंदिरात सगळ्या जमल्या. मी झालं ते सांगितलं. दोघी-तिघी लगेच माझ्यावर घसरल्या. "तुझा ताठा तुझ्यापाशी, आमचं काम कशाला बुडवतीस?" एकीचीही केबल मागं गेलेली होती, ती म्हणाली, "बघू दे की. चोर असतील तर सापडू दे." भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ, गटातच आहे. ती कोपऱ्यात पदराचं टोक पिळत बसली होती. तिच्यासमोर कुणी मोकळं बोलेना.

मग आमच्या गटातल्या एक मावशी बोलल्या. एरवी सही करण्यापुरत्या येतात. तरुणपणी त्यांनी नवऱ्याबरोबर कारखान्यांच्या पट्ट्यात कोयत्याचे हंगाम काढलेत.

"कोपीत न्हाणी नसती, बायांनो," त्या म्हणाल्या. "चार काठ्या रोवायच्या, साडी गुंडाळायची, आत बसून दोन तांबे घ्यायचे. त्यात टोळीतल्याच माणसांनी तोंड फिरवून बसायचं. आमच्या टोळीतला एकबी माणूस कधी वळून बघत नव्हता. तेवढ्यावरच आमी बाया जगलो." मग म्हणाल्या, "त्या न्हाणीला बाजू असती. छत नसतं."

तेवढ्यात जाऊ उठली आणि तरातरा निघून गेली. आम्हाला वाटलं, झालं! आता ही नवऱ्याला सांगणार. पण ती परत आली ती पेटीतली मोरपंखी साडी घेऊन. जाड काठाची, भारीतली. माझ्यापुढं टाकून म्हणाली, "ताई, छताला ही घाला. घट्ट इणीची हाय, आरपार दिसायची न्हाय."

मग काय विचारता! जिनं आत्ताच मला ताठ्यावरून सुनावलं होतं तीसुद्धा घरी पळाली. सासूबाईंनी आपलं ठेवणीतलं नऊवारी दिलं. म्हणाल्या, "दोन न्हाण्या झाकतील ह्याच्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तळ्याकडं निघालो, तर भाऊ बांबूचा भारा खांद्यावर घेऊन आमच्या आधी वाटेला लागलेला. गळ्यात सुतळीची गुंडाळी.

"तू कुठं?" मी विचारलं. अजून राग गेला नव्हता.

"छावणीवर जाळं बांधायचं काम म्या कैक वर्षं केलंय," तो म्हणाला. "वरनं काय दिसतं आणि ते कसं झाकायचं, हे तुमच्यात दुसऱ्या कुणाला येतंय?"

कोपी दिसायला लागल्या तसा तो थांबला. तोंडाशी हात धरून फौजी आवाजात हाळी दिली, "गावातनं माणसं येत्यात होऽऽ!" पलीकडून एका बाईनं "या" म्हटल्यावरच पुढं झाला. मला त्याला तिथंच मिठी मारावीशी वाटली.

कोपीतल्या बायांना आधी वाटलं आम्ही झडती घ्यायला आलो. मी सरळ सांगितलं, की उद्या तुमच्यावरून कॅमेरा फिरणार आहे, आणि का फिरणार आहे. त्यांच्यातली एक थोराड बाई कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"झडती घ्यायची तर दारातनं या की," ती म्हणाली. "आमच्या कोपीला कुलूप न्हाय. वरनं कशाला डोकावताव?"

माझ्या गावाच्या वतीनं मला लाज वाटली. मी म्हटलं, "म्हणून तर आलो, बाई." ती आमच्या हातातल्या साड्या बघून पहार आणायला गेली.

भावानं खड्डे घेतले, बांबू रोवले आणि मग बाजूला जाऊन, पाठ करून, नुसतं तोंडानं सांगत राहिला. साडी ताणून बांधू नका, जरा ढिली सोडा, काठ बाहेर येऊ द्या म्हणजे तिरकं बघितलं तरी आतलं दिसायचं नाही. मारणाऱ्या यंत्रापासून लपायची ती विद्या. माझ्या भावानं ती आंघोळीच्या आडोशाला लावली. अख्ख्या फौजेत कुणी असा उपयोग केला असेल का त्या विद्येचा?

तिसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगवाला आला. पारावर ड्रोन ठेवला. हाळी नाही, काही नाही, भर्रकन वर. भावजी आणि गावातली पाच-पंचवीस माणसं त्याच्या काचेभोवती. मीही गेले. मला कोण अडवणार? हाताची घडी घालून त्यांच्यात उभी राहिले.

काचेवर ऊस आला, तळं आलं, मग कोपींची पाचटाची छपरं आली. आणि त्यांच्या मधेमधे रंगच रंग. हिरवा, डाळिंबी, पिवळा, मोरपंखी.

"साड्याच दिसत्यात, साहेब," शूटिंगवाला म्हणाला. लग्नं काढणारा माणूस तो, सवयीनं त्यानं कॅमेरा काठावर जवळ नेला. जवळ, आणखी जवळ. कुयऱ्या दिसायला लागल्या.

एक जण पुटपुटला, "ही तर आमच्या हिची." दुसरा चष्मा पुसायला लागला. तिसरा मागच्या मागं सटकला. भावजी काचेकडं बघतच राहिले. ती मोरपंखी त्यांनी स्वतः बार्शीच्या पेठेतून बायकोसाठी आणली होती, सगळ्या भावकीत मिरवली होती.

"उतरव," ते शूटिंगवाल्याला म्हणाले.

"साहेब, अजून सगळं बघितलं न्हाय..."

"उतरव म्हटलं ना!"

ड्रोन खाली आला. पारावर कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. जाताना भावजी माझ्यापाशी थांबले. वाटलं, आता फाडून खाणार.

"वहिनी, आमची हीसुद्धा?"

"सगळ्यात आधी तिचीच आली, भावजी. जपून वापरलीय. वरनं लई शोभून दिसती."

ते तसेच घराकडं वळले. केबल कुणी नेली ते आजवर कळलेलं नाही. तुरीचं म्हणाल तर अळी काही कुणाचा रुसवा-फुगवा बघत नाही. चार दिवसांनी जाऊबाईंच्या हाती निरोप आला, "भिंगरी घेऊन या म्हणावं." मी गेले. मुद्दाम त्यांच्या बांधावर नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडले. आमच्या गटाचा एवढा अभिमान मला त्या दिवसाआधी कधी वाटला नव्हता, आणि तो मी आता कुणापुढं लपवतही नाही.

भावाची सुट्टी संपली. मी त्याला फाट्यावर सोडायला गेले. एसटीची वाट बघत उभे होतो. भावजींचं तोंड आठवून तो हसत होता, आल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला. मग हसता हसता थांबला.

"अक्का, मागं एकदा काचेवर एक बाई दिसली. पलीकडच्या गावात. माळवदावर काहीतरी वाळत घालत होती. तिच्या बाजूच्या घरावर आमची नजर होती."

"मग?"

"म्या वर कळवलं, बाई हाय, थांबा. थांबले ते. मग माझी पाळी संपली, दुसरा बसला."

"आणि पुढं?"

"ठाऊक न्हाय. इचारायचं नसतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "थांबा म्हणालास ना? माझा भाऊ शोभतोस." हे मी मनापासून म्हटलं. तो रस्त्याकडं बघत होता.

"तुमच्या पारावर साडी वळखणारी माणसं होती, अक्का," तो म्हणाला. "म्हणून उतरला त्यो ड्रोन. तिकडं काचेपाशी तिची साडी वळखणारं कोण असतं?"

एसटी वळणावर दिसली. मी त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"तू हाईस की," मी म्हटलं.